काचेखालची गाठ : पित्ताच्या नळीतल्या हार्मोनवाल्या ट्यूमरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कावीळीवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की पित्ताची नळी अडवणारी प्रत्येक गाठ म्हणजे नेहमीचा पित्तनलिकेचा कॅन्सरच असं नाही, क्वचित हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठही निघते. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आजार दुर्मीळ आहे हे खरं, पण ज्यांच्या घरी तो आलाय त्यांना कुठे धड वाचायलाच काही मिळत नाही. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयाचे घेतलेत. एक आधीच सांगून ठेवते, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सर्जन नाही. मला पेशंट भेटत नाहीत, त्यांच्या गाठी भेटतात. तेव्हा उत्तरं थोडी मायक्रोस्कोपच्या बाजूला झुकलेली असणार, समजून घ्या.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझी आई ४९ वर्षांची आहे. तिला अचानक कावीळ झाली, पोटात दुखणं वगैरे काही नाही, फक्त अंगाला खाज, ती पण रात्री जास्त, तळहात तळपाय अक्षरशः ओरबाडायची. सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसली, मग सीटी, एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) सगळं झालं आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरची शक्यता सांगितली. दुर्बिणीतून ब्रशने नमुना घेतला त्यात काहीच आलं नाही. शेवटी ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला तर "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १". आता नातेवाईक म्हणतात, बघा, कॅन्सर नव्हताच, उगाच एवढं मोठं ऑपरेशन केलं. खरंच तसं आहे का? आणि आधी का नाही कळलं?

उत्तर : आधी नातेवाइकांचं बघू. ऑपरेशन उगाच झालेलं नाही. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे तीच हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, आणि ग्रेड १ म्हणजे पेशी सावकाश वाढणाऱ्या, पण सावकाश म्हणजे निरुपद्रवी नव्हे, या गाठी जवळच्या लिम्फ नोडमध्ये जाऊ शकतात, लिव्हरमध्ये जाऊ शकतात, आणि कधी कधी तर बऱ्याच वर्षांनी जातात. त्यामुळे आजकाल आम्ही हिला कॅन्सरच्याच घरात बसवतो, फक्त त्या घरातलं हे शांत माणूस. पित्तनलिकेचा नेहमीचा कॅन्सर आणि ही गाठ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पूर्ण निघाली असेल तर पुढची वर्षं चांगली जाण्याची शक्यता हिच्यात कितीतरी जास्त. म्हणजे नातेवाईक आनंदी झालेत ते बरोबरच आहे, फक्त कारण चुकीचं सांगतायत.

हा "कॅन्सर आहे की नाही" गोंधळ काही आजचा नाही. १९०७ साली म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या अशाच गाठींना 'कार्सिनॉइड' म्हणजे कॅन्सरसारखं दिसणारं पण तेवढं वाईट नसलेलं, असं नाव दिलं, आणि १९२९ मध्ये त्यांनीच कबूल केलं की यातल्या काही पसरतात. (पुढे नाझी आल्यावर ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी इस्तंबूलला जाऊन तिथे पॅथॉलॉजी उभी केली, हे विषयाला सोडून आहे पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) ज्यांनी नाव दिलं त्यांनी बावीस वर्षांनी मत बदललं, नाव मात्र लोकांच्या तोंडी बसलं ते बसलंच. अजूनही एखाद्या रिपोर्टवर कार्सिनॉइड लिहिलेलं दिसेल, ते हेच.

आता आधी का नाही कळलं. मुख्य पित्तनलिका जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद असते, बोरूच्या टाकाएवढी समजा. तिच्यात काहीही अडकलं, खडा, कॅन्सर, ही गाठ, जुन्या सुजेने आकसलेली जागा, तरी मागे पित्त तुंबणार आणि बाहेर दिसणार ती कावीळच. स्कॅनमध्ये नळी एका जागी बंद आणि तिच्या वर फुगलेली दिसते. या गाठी सीटीत रंगाचं इंजेक्शन दिल्या दिल्या लवकर चमकतात बऱ्याचदा, त्यावरून एखाद्या अनुभवी रेडिऑलॉजिस्टला शंका येते, पण शंकाच. बाकी वय जरा कमी, बाईमाणूस, गाठीच्या कडा सुबक, अशा खुणा नंतर मागे वळून बघताना फार स्पष्ट वाटतात, त्या वेळी नाही.

आणि ब्रश. साध्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्येही तो निम्म्याच्या आसपास वेळा हुकतो. इथे तर अडचण वेगळीच आहे, ही गाठ नळीच्या आतल्या अस्तराच्या खाली वाढते, वरचं अस्तर शाबूत. ब्रश फिरतो अस्तरावर. भिंतीच्या रंगावरून हात फिरवला तर आतल्या विटेचं काय कळणार? मी स्वतः अशा एका ब्रशच्या स्लाइडवर "संशयास्पद पेशी दिसल्या नाहीत" असं लिहून सही केलेली आहे, आणि काही आठवड्यांनी त्याच पेशंटची कापलेली नळी माझ्याच टेबलावर आली. स्लाइड परत काढून बघितली. खरंच काही नव्हतं तिच्यात. पण त्या दिवसापासून मी खाली एक ओळ जादा लिहायला लागले, की पेशी दिसल्या नाहीत म्हणजे गाठ नाही असा अर्थ काढू नये.

तर आईंच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. जगभरात बहुतेक वेळा या आजाराचं नाव ऑपरेशननंतर, काचेवरच ठरतं. तुम्ही आता एवढंच करा, तो रिपोर्ट नुसता फाइलला लावू नका. त्यात चार गोष्टी आहेत का बघा : ग्रेड, की-६७ चा आकडा (पेशी किती वेगाने वाढतायत ते सांगणारा), कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, आणि किती लिम्फ नोड तपासले त्यात किती पॉझिटिव्ह. एखादी नसेल तर लॅबला विचारा. राग येत नाही कुणाला. आला तरी विचारा.

प्रश्न : हार्मोन बनवणारी गाठ म्हणता मग हार्मोन वाढल्याची लक्षणं का नाही दिसली? आणि पित्ताच्या नळीत हार्मोनचं काम काय?

उत्तर : चांगला प्रश्न, आणि मला आवडता.

थायरॉइड, अॅड्रिनल या ग्रंथी सगळ्यांना माहीत असतात, पण शरीरातल्या बऱ्याच हार्मोनवाल्या पेशी एका जागी न राहता विखुरलेल्या असतात, जठर, आतडी, स्वादुपिंड, फुप्फुसं, सगळीकडे एकेकट्या पेरल्यासारख्या. आतड्यात भरपूर. पित्ताच्या नळीत मात्र अगदी तुरळक, शोधावी तर सापडेल एखादी. म्हणूनच इथली गाठ एवढी दुर्मीळ, पचनसंस्थेतल्या अशा सगळ्या गाठींमध्ये पित्तनलिकेतल्या एक टक्काही भरत नाहीत. मग मुळात येते कुठून? एक मान्य विचार असा आहे की नळीला वर्षानुवर्षं सूज राहिली की तिचं अस्तर हळूहळू आतड्यासारखं रूप घ्यायला लागतं आणि आतड्यासारखं झालं की आतड्यातल्या या पेशीही तिथे उगवतात. पण म्हणून खडे असलेल्या प्रत्येकाने धसका घेऊ नका हं, खडे लाखोंना असतात आणि ही गाठ हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांना.

लक्षणं न दिसण्याची कारणं दोन-तीन एकत्र आहेत. पहिलं, या गाठींपैकी बहुतेक नावालाच हार्मोनवाल्या, पेशींमध्ये यंत्रणा असते, दाण्यांच्या पुरचुंड्या भरलेल्या असतात, पण रक्तात परिणाम दिसेल एवढं काही सोडत नाहीत. दुसरं, जे काही सिरोटोनिन (अशा पेशी बनवतात ते एक हार्मोन) सुटतं ते आधी लिव्हरमधून जातं आणि लिव्हर त्याची वाट लावते, म्हणूनच चेहरा अचानक लाल होणं, सारखे जुलाब, छातीत घरघर हे जे कार्सिनॉइड सिंड्रोम म्हणून ऐकलं असेल ते सहसा गाठ लिव्हरमध्ये पसरल्यावरच येतं. आणि तिसरं म्हणजे जागा. आतड्यात गाठीला वाढायला ऐसपैस जागा, कित्येक वर्षं कुणाला पत्ता नाही. इथे नळी चिमूटभर. गाठ सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची झाली की पित्त अडलं, डोळे पिवळे. म्हणजे बघा, हार्मोनने नाही, प्लंबिंगने पकडून दिलं.

अपवाद आहेत. क्वचित इथली गाठ गॅस्ट्रिन बनवते, मग जठरात अॅसिडचा पूर येतो आणि पुन्हा पुन्हा अल्सर होत राहतात, झोलिंगर आणि एलिसन या दोन सर्जननी १९५५ मध्ये वर्णन केलेला आजार तो. त्यामुळे कावीळ आणि हट्टी अल्सर एकत्र असतील तर डॉक्टरांच्या कानावर दोन्ही घाला, पित्ताच्या डॉक्टरला पित्ताचं आणि अॅसिडच्या डॉक्टरला अॅसिडचं अशी वाटणी करू नका.

प्रश्न : माझं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं. दर सहा महिन्यांनी क्रोमोग्रॅनिन ए करायला सांगितलंय. पहिल्यांदा नॉर्मल होतं, आता एकदम तिप्पट आलंय!! स्कॅनमध्ये काही नाही. झोप उडालीये. मधल्या काळात अॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल चालू केलं होतं एवढंच, बाकी काही बदल नाही.

उत्तर : "एवढंच" म्हणालात तेच उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे.

क्रोमोग्रॅनिन हे त्या पेशींमधल्या दाण्यांचं प्रथिन. गाठीतूनच येतं असं नाही, जठरातल्या साध्या हार्मोनवाल्या पेशीही ते सोडतात. तुम्ही पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीची गोळी घेतली की अॅसिड कमी होतं, अॅसिड कमी झालं की शरीर ते वाढवायला गॅस्ट्रिन सोडतं, गॅस्ट्रिन त्या जठरातल्या पेशींना डिवचतं आणि त्या क्रोमोग्रॅनिन ओततात. आकडा कितीतरी पट वर जातो, गाठ नसताना. किडनी नीट काम करत नसेल तरी वाढतो. जठराचं अस्तर झिजलं असेल तरी वाढतो. शिवाय प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नसतो.

तर डॉक्टरांना विचारून (मनाने नाही, विचारून, कारण ज्यांना खरोखर अल्सर आहे त्यांना गोळी एकदम सोडणं महागात पडतं) किमान दोन आठवडे ती गोळी बंद ठेवून, त्याच लॅबमध्ये, उपाशीपोटी परत करा. मधल्या काळात गरज पडली तर दुसऱ्या जातीची अॅसिडिटीची गोळी डॉक्टर देतील. खाली आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं तर मग स्कॅन वगैरे पुढचं.

असंच एक लघवीच्या टेस्टचं, २४ तासांची लघवी जमवून त्यात सिरोटोनिनचा उरलासुरला भाग मोजतात, तिच्या आधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवायचे असतात कारण त्यांच्यात सिरोटोनिन असतंच. आणि सीए १९-९ हा कॅन्सरच्या शंकेत रक्तात मोजतात तो आकडा, तो तर कावीळ असताना निव्वळ पित्त तुंबल्यानेही वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो जन्मतःच बनत नाही, त्यांच्यात कॅन्सर असला तरी शून्याच्या आसपास. थोडक्यात, एका आकड्यावर रडू नका आणि एका आकड्यावर पेढेही वाटू नका.

प्रश्न : वडिलांची पित्ताची नळी आणि पित्ताशय दोन्ही काढून टाकलंय. मग पित्त जातं कुठून? त्यांना विचारायचा धीर होत नाही म्हणून तुम्हाला विचारतोय.

उत्तर : धीर करा, विचारण्यासारखंच आहे.

लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवते, ते थांबत नाही. पित्ताशय म्हणजे नुसती साठवणीची पिशवी, ती गेली तर फारसं अडत नाही. नळी मात्र पाहिजेच, मग सर्जन काय करतात, लहान आतडं एका जागी कापतात, खालचं टोक वर ओढून आणून थेट लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडाला शिवतात, आणि वरचं टोक, ज्यातून जेवण येतं, ते खाली बाजूने जोडून देतात. आकार होतो वाय अक्षरासारखा. सेझार रू नावाच्या स्विस सर्जनच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. गाठ नळीच्या मधल्या भागात असेल तर एवढ्यावर भागतं. खाली स्वादुपिंडाजवळ असेल तर स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याची सुरुवात असं बरंच काढावं लागतं, त्याला व्हिपल म्हणतात. वर लिव्हरच्या दाराशी असेल तर लिव्हरचा तुकडाही जातो.

वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी घरात सगळ्यांना माहीत पाहिजेत. थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळे दिसले, तर तो साधा ताप समजून गोळी देऊन झोपवू नका, जोडणीची जागा आकसून पित्तात इन्फेक्शन झालेलं असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि दुसरं, पुढे कधीही कुठल्याही कारणाने कुणी "दुर्बीण घालून नळी बघू" म्हणालं तर आधी सांगा की नळीची वाट बदललेली आहे. नेहमीची दुर्बीण तोंडातून जठरात आणि तिथून आतड्याच्या सुरुवातीला जिथे नळी उघडते तिथे जाते, यांची नळी आता तिथे उघडतच नाही. ऑपरेशन नोटची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एक फोटो ठेवा. परगावी इमर्जन्सी आली तर त्या कागदाने तासन्‌तास वाचतात.

प्रश्न : एका लॅबचा की-६७ दोन टक्के, म्हणजे ग्रेड १. सेकंड ओपिनियनला दिलं तर चार टक्के, ग्रेड २. आता कोण खोटं बोलतंय?

उत्तर : कुणीच नाही.

की-६७ हे पेशी फुटून दोन व्हायच्या तयारीत असताना तिच्या केंद्रकात दिसणारं प्रथिन. नाव गमतीचं आहे, कील हे जर्मनीतलं शहर आणि ६७ हा प्रयोगाच्या प्लेटमधल्या खळग्याचा नंबर, १९८३ सालची गोष्ट. आम्ही गाठीच्या पातळ चकतीवर त्याचा रंग टाकतो, तयारीत असलेल्या पेशी तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. मग शंभरात तपकिरी किती ते मोजायचं. तीनपेक्षा कमी तर ग्रेड १, तीन ते वीस ग्रेड २, वीसच्या वर ग्रेड ३.

ऐकायला सोपं. पण करून बघा. गाठ सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात भरभर वाढणारी, दुसऱ्या कोपऱ्यात झोपलेली. नियम असा आहे की जिथे सगळ्यात जास्त तपकिरी दिसतात ती जागा शोधायची आणि तिथल्या किमान ५०० पेशी मोजायच्या. आता ती जागा माझ्या डोळ्याला एक वाटेल आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला शेजारची. मध्ये मध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट घुसलेल्या असतात, त्याही तपकिरी होतात, त्या वगळायच्या. मी अजूनही फोटो प्रिंट काढून पेनाने एकेका पेशीवर टिक करत मोजते, माझ्या ज्युनियर हसतात, त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहे. पण ५०० मध्ये १० की २० हा प्रश्न असतो शेवटी, आणि तुमचा ग्रेड त्या दहा पेशींवर फिरतो.

तेव्हा दोन आणि चार यात प्रत्यक्ष फरक फार मोठा नाही, दोन्ही सावकाश गाठीच आहेत. दोन आणि चाळीस असं आलं असतं तर मी म्हटलं असतं की धावा. डॉक्टर बहुधा जास्तीचा आकडा धरून चालतील, तेच बरोबर. पण हे दोन्ही आकडे मोठ्या नमुन्यावरचे आहेत का सुईच्या बायॉप्सीवरचे तेवढं विचारून घ्या, सुईत आलेला धाग्याएवढा तुकडा अख्ख्या गाठीची साक्ष देऊ शकत नाही.

प्रश्न : इरफान खान आणि स्टीव्ह जॉब्ज यांना हेच झालं होतं ना?

उत्तर : घराणं तेच, घर वेगळं. जॉब्ज यांची गाठ स्वादुपिंडातली होती, २००३ मध्ये सापडली, २००४ मध्ये ऑपरेशन, २००९ मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट, २०११ मध्ये ते गेले. इरफान यांनी मार्च २०१८ मध्ये न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं स्वतःच जाहीर केलं, एप्रिल २०२० मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे हा शब्द घराघरात पोचला हे खरं, पण त्यांच्या वर्षांवरून आपल्या माणसाची वर्षं मोजत बसू नका. जागा, ग्रेड आणि पसरलीये की नाही, या तिन्हींवर सगळं अवलंबून आहे.

प्रश्न : मुलांना होऊ शकतं का? तपासण्या करून घेऊ का त्यांच्या?

उत्तर : बहुतेक वेळा नाही आणि नको. काही घराण्यांत मेन-१, व्हॉन हिपेल लिंडाऊ, न्यूरोफायब्रोमॅटोसिस असे जनुकीय आजार चालत येतात, त्यांच्यात अशा गाठी जास्त होतात. घरात कुणाला पॅराथायरॉइडचा, पिट्युटरीचा, अॅड्रिनलचा त्रास, अंगभर गाठी आणि कॉफीच्या रंगाचे डाग असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. नसेल तर मुलांना शाळेत जाऊ द्या.

प्रश्न : मिस्टरांच्या लिव्हरमध्ये पसरलंय. एक डॉक्टर महिन्याचं इंजेक्शन म्हणतात, दुसरे केमो, तिसऱ्यांनी रेडिओअॅक्टिव्ह औषध सुचवलं. तिघेही चांगले डॉक्टर आहेत. आम्ही पार गोंधळून गेलोय. रिपोर्टवर "ग्रेड ३" आहे.

उत्तर : ताई, तिघांनी तीन सांगितलं कारण "ग्रेड ३" या दोन शब्दांत दोन वेगळे आजार लपलेले असतात. तो रिपोर्ट परत काढा आणि ग्रेडच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर ग्रेड ३" की "न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा"?

पहिल्यात पेशी वेगाने वाढतायत पण चेहरा ओळखीचा आहे, गोल केंद्रकं, आतला रंग मीठ-मिरी एकत्र भुरभुरल्यासारखा, घोळक्याने नीट बसलेल्या. दुसऱ्यात सगळं विस्कटलेलं, पेशी एकमेकींत घुसलेल्या, मध्ये मध्ये मेलेल्या पेशींचे पट्टे. हा दुसरा प्रकार भरभर जातो आणि त्याला प्लॅटिनमवालं औषध आणि इटोपोसाइड अशी केमो लवकरात लवकर सुरू करावी लागते. तिथे वाट बघत बसायला वेळ नसतो. पित्तनलिकेत तर कधी साधा कॅन्सर आणि ही गाठ मिसळलेलीही असते, दोन्ही भाग किमान तीस टक्के असले तर तसं वेगळं नाव देतात. म्हणून स्लाइड दुसऱ्या, असे नमुने नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. माझ्या मते तिसऱ्या ऑन्कॉलॉजिस्टआधी दुसरा पॅथॉलॉजिस्ट.

पहिला प्रकार असेल तर पुढचा प्रश्न, पेशींच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिनची कुलपं आहेत का, म्हणजे सोमॅटोस्टॅटिन हे इतर हार्मोनना आवर घालणारं हार्मोन जिथे जाऊन बसतं त्या जागा. ते गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनमध्ये दिसतं. कुलपं असतील तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं चार आठवड्यांचं इंजेक्शन त्याच कुलपाची किल्ली आहे, गाठ शांत ठेवते, हार्मोनचा त्रास असेल तर तोही कमी करते. आणि त्याच किल्लीला ल्युटेशियम हे रेडिओअॅक्टिव्ह मूलद्रव्य बांधून आत सोडलं की गाठीला आतून रेडिएशन मिळतं, सहसा आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. अमेरिकेत त्याला २०१८ च्या जानेवारीत मान्यता मिळाली, म्हणजे तसं नवंच आहे. कुलपं नसतील तर यातलं काहीच फारसं उपयोगाचं नाही. म्हणजे तुमचे तिन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, फक्त प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा पेशंट आहे. तिघांना एकाच टेबलावर बसवणारी ट्यूमर बोर्डची मीटिंग मोठ्या सेंटरमध्ये असते, तिथे केस ठेवायला सांगा.

हो, आणि त्या इंजेक्शनने पित्ताशय आळशी होतं आणि खडे होतात, म्हणून पोटाचं ऑपरेशन होणारच असेल तर सर्जन बऱ्याचदा पित्ताशयही काढून टाकतात. नंतर "तेही का काढलं" म्हणून भांडू नका.

प्रश्न : बाबांचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं. आता लिव्हरमध्ये दोन ठिपके दिसतायत. नवे डॉक्टर म्हणतात जुना ब्लॉक आणा. रिपोर्ट आहे आमच्याकडे, ब्लॉक म्हणजे काय? आणि एवढ्या वर्षांनी मिळेल का?

उत्तर : गाठ कापून लॅबमध्ये आली की आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग तिचे छोटे तुकडे करून मेणात बसवतात. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरट मेण आणि मेणात मधोमध गाठीचा करडा तुकडा, हा ब्लॉक. त्याच्यावरून केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रा काढून काचेवर चिकटवला आणि रंगवला की स्लाइड. स्लाइड म्हणजे फोटो समजा आणि ब्लॉक म्हणजे निगेटिव्ह, त्यातून हव्या तेवढ्या नव्या काचा काढता येतात, नवे रंग टाकता येतात. मेणात तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, सहा वर्षं काहीच नाहीत.

नव्या डॉक्टरांनी मागितलाय तो अगदी योग्य कारणाने. सहा वर्षांनी परत आलेली गाठ तीच आहे की दुसरीच काही, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवूनच कळतं. की-६७ पण तेव्हाचा आणि आताचा ताडून बघता येतो, कारण लिव्हरमध्ये गेलेली गाठ कधी कधी मूळ गाठीपेक्षा वेगाने वाढणारी निघते.

जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीत जा, रिपोर्टवर वर कोपऱ्यात नमुन्याचा नंबर असतो, तोच ब्लॉकच्या कडेला छापलेला किंवा पेन्सिलने लिहिलेला असतो. अर्ज आणि ओळखपत्र मागतील. एका गाठीचे दहा-बारा ब्लॉक असू शकतात, सगळे नका आणू, "ट्यूमर असलेला, सगळ्यात चांगला एक द्या आणि त्याचीच स्लाइड" असं सांगा, काउंटरवरच्या माणसाला कळलं नाही तर आतल्या पॅथॉलॉजिस्टला विचारायला लावा. पावती घ्या, काम झालं की ब्लॉक परत नेऊन द्या. आणि आणताना तो भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते.